गॉगल आधी, मार्कर शेवटी

अमेरिकेतल्या खेळसाहित्याच्या दुकानात पेंटबॉलचा साधा नवा मार्कर साधारण 100 ते 130 डॉलरना मिळतो. खोक्यावरची ही किंमत वाचून मुलगा खूश होतो आणि बापाच्याही जिवात जीव येतो. पुढे हवेची टाकी, गोळ्यांचा हॉपर, वाफ न धरणारा गॉगल, बॅरलवर चढवायची कापडी पिशवी आणि गोळ्यांची पहिली पेटी असे एकेक जोडत गेले की मैदानात उतरेपर्यंत आकडा 300 डॉलरच्या आसपास पोचतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे कोणी म्हणेल. पेंटबॉलमध्ये मात्र खरा खेळ या मसाल्यावरच चालतो. नवशिक्याची पहिली खरेदी फसते ती बहुतेक वेळा हा हिशेब उलटा मांडल्याने.

न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये वाढणारे मराठी मूल मित्राच्या वाढदिवसाला मैदानावर जाऊन येते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची गन मागते. पुण्या-मुंबईतली आयटीतली मंडळी लोणावळ्याच्या सहलीत रंगाने माखून परततात आणि रात्री मोबाइलवर किमती शोधू लागतात. दोघांचाही पहिला प्रश्न एकच: गन कोणती घ्यावी? जुने खेळाडू या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाहीत. आधी ते विचारतात, खेळणार कुठे, महिन्यातून किती वेळा, आणि तिथे हवा कुठली भरून मिळते? योग्य मार्कर या उत्तरांतूनच ठरतो.

आधी शब्दाचा उलगडा करायला हवा, कारण त्यात या वस्तूचा जन्म दडला आहे. खेळाडू तिला गन म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात. मिशिगन राज्यातल्या नेल्सन पेंट कंपनीने तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या जनावरांवर लांबून खूण करता यावी म्हणून रंगगोळ्यांचे पिस्तूल बाजारात आणले होते. नाव नेल-स्पॉट 007. ते घडवून देत होती एअरगनसाठी प्रसिद्ध असलेली डेझी कंपनी. शेअर दलाल हेज नोएल आणि लेखक चार्ल्स गेन्स या दोन मित्रांत वाद रंगला होता: जंगलात टिकून राहायचे झाले तर शहरातला चलाख माणूस तरेल की रानात वाढलेला? त्याचा निकाल लावण्यासाठी बॉब गर्न्सी या तिसऱ्या मित्राला घेऊन त्यांनी झेंडे गोळा करण्याच्या खेळाचे नियम बसवले. 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात 12 जण हीच पिस्तुले घेऊन उतरले. जिंकला रिची व्हाइट नावाचा वनकर्मी. झाडांआडून सरकत त्याने सगळे झेंडे गोळा केले, आणि दिवसभरात एकही गोळी झाडली नाही.

त्या पिस्तुलात प्रत्येक गोळीसाठी हाताने बोल्ट ओढावा लागे आणि गॅस पुरवायला 12 ग्रॅमची छोटी कार्बन डायऑक्साइडची नळकांडी असे. त्यानंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मार्कर झपाट्याने बदलले. गोळीची घडण मात्र मूळची तशीच राहिली. माशाच्या तेलाची कॅप्सूल ज्या पद्धतीने बनते त्याच पद्धतीने ही बनते: बाहेर जिलेटिनचे मऊ कवच, आत पॉलिथिलीन ग्लायकॉल आणि खाद्यरंग. सुरुवातीच्या गोळ्यांतला रंग तेलकट होता आणि तो अंगावरून काढायला टर्पेंटाइन लागे. आताचा रंग पाण्याने निघतो. नेहमीच्या गोळीचा व्यास 0.68 इंच, म्हणजे साधारण 17.3 मिलिमीटर, आणि वजन 3 ग्रॅमच्या आसपास. ती दमट हवेत फुगते, थंडीत ठिसूळ होते आणि डब्यात महिनोन्‌महिने एकाच बाजूवर पडून राहिली तर चपटी होते.

खराब गोळीपुढे महागडा मार्करही हतबल ठरतो.

नवशिक्याची मोठी दिशाभूल होते ती बॅरलच्या लांबीवरून. लष्करी रायफलीसारखी लांबलचक नळी पाहिली की नेम दूरवर आणि अचूक लागेल असे वाटते. पण सर्वसाधारण पेंटबॉलची नळी आतून गुळगुळीत असते आणि गोळी गोल, हलकी, किंचित वेडीवाकडी. वेगाची मर्यादा मैदानाने ठरवलेली असते. बहुतेक ठिकाणी ती सेकंदाला 280 ते 300 फूट असते आणि खेळाआधी क्रोनोग्राफ नावाच्या यंत्रावर प्रत्येक मार्करचा वेग तपासला जातो. म्हणजे 100 डॉलरचा मार्कर काय आणि 1500 डॉलरचा काय, गोळी एकाच वेगाने सोडतात आणि ती जवळपास तितकीच लांब जाते. 10 ते 14 इंचांची नळी पुरेशी असते. नेम सुधारायचा तर नळीचा आतला व्यास आणि गोळीचा व्यास जुळला पाहिजे आणि गोळ्या ताज्या पाहिजेत.

मग जास्त पैसे मोजून मिळते काय? विश्वासार्हता, धक्का कमी बसणे, आवाज कमी होणे, आणि नळीत शिरण्याआधीच गोळी चिरडली जाण्याचे प्रमाण घटणे. या गोष्टी खऱ्या आहेत. त्या कळायला आतल्या यंत्रणेकडे पाहावे लागते.

स्वस्त मार्कर बहुतेक ब्लोबॅक जातीचे असतात. चाप ओढला की स्प्रिंगने दाबून धरलेला हातोडा सुटतो आणि झडपेवर आदळतो. झडप उघडून हवेचा झोत सुटतो. त्यातला काही गोळीला पुढे ढकलतो, काही हातोड्याला मागे रेटून पुन्हा ताणून ठेवतो. यंत्रणा साधी, धसमुसळी आणि चिवट. तिचा आदर्श नमुना म्हणजे टिपमन कंपनीचा 1998 साली आलेला मॉडेल 98 आणि त्याचा पुढचा अवतार 98 कस्टम. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरातले टिपमन कुटुंब आधी जुन्या मशिनगनांच्या अर्ध्या आकाराच्या चालत्या प्रतिकृती बनवत असे. 1986 साली अमेरिकेत मशिनगनांसंबंधीचा कायदा कडक झाला, तो धंदा आटोपला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एसएमजी-60 हा पेंटबॉल मार्कर आणला. ती जुनी कारागिरी 98 मध्ये दिसते. धातूचे दोन अर्धे कवच स्क्रूंनी जोडलेले, आत मोजके भाग, आणि चिखलात पडला तरी पुसून पुन्हा चालू होणारा स्वभाव. अमेरिकेतल्या असंख्य मैदानांवर भाड्याने दिला जाणारा मार्कर टिपमनचाच असतो. दिवसाला कितीतरी अनोळखी हातांतून जाणारी वस्तू वर्षानुवर्षे टिकते, याहून चांगली चाचणी कुठल्या कारखान्यात होणार?

दुसरी जात स्पूल झडपेची. इथे हातोडा नसतो. बोल्ट हवेच्याच दाबाने पुढे-मागे सरकतो. त्यामुळे धक्का कमी बसतो, आवाज मऊ येतो आणि नाजूक कवचाची गोळीही सहसा फुटत नाही. ही यंत्रणा पूर्वी मुख्यतः महाग इलेक्ट्रॉनिक मार्करांत दिसे. मँचेस्टरच्या प्लॅनेट इक्लिप्स कंपनीने ईमेक नावाचा मार्कर काढून ती बॅटरीशिवाय, निव्वळ यांत्रिक चापाला जोडली. त्याची किंमत साधारण 250 डॉलर. नवशिक्यांसाठीचा हा अलीकडच्या काळातला सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणावा लागेल, कारण ‘स्वस्त पण खडबडीत’ आणि ‘मऊ पण महाग’ यांच्यामधली रिकामी जागा त्याने भरली. एक अट आहे: तो फक्त दाबलेल्या हवेवर चालतो, कार्बन डायऑक्साइड त्याला चालत नाही.

या अटीमुळे हवेच्या प्रश्नाकडे यावे लागते. पहिल्या खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथेच. कार्बन डायऑक्साइडची टाकी स्वस्त असते आणि तिच्यात गॅस द्रवरूपात साठत असल्याने छोट्या टाकीतही बराच मावतो. पण तिचा दाब हवामानाच्या हातात असतो. साधारण 21 अंश सेल्सिअसला तो दर चौरस इंचाला 850 पौंडांच्या आसपास असतो, तर 0 अंशाला 500 च्या जवळ घसरतो. भराभर गोळ्या झाडल्या की टाकी आणखी गार पडते, कधी द्रव थेट मार्करमध्ये शिरतो, रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरतात आणि वेग वरखाली होऊ लागतो. उलट दाबलेल्या हवेच्या टाकीवरचा रेग्युलेटर ठरलेला दाबच बाहेर सोडतो. 48 घन इंचांची, 3000 पौंड दाबाची ॲल्युमिनियमची टाकी नवशिक्याला पुरते. 4500 पौंडांची कार्बन फायबरची टाकी हलकी असते आणि तिच्यात हवाही जास्त मावते, पण तिचे दाम दुपटीहून अधिक असतात.

टाकी घेताना तिच्यावरची तारीख वाचावी. अमेरिकेत या टाक्यांची ठरावीक मुदतीने, सामान्यतः दर पाच वर्षांनी, पाण्याच्या दाबाखाली तपासणी करावी लागते. मुदत उलटलेली टाकी मैदानावर भरून मिळत नाही. जुन्या बाजारात 20 डॉलरला मिळालेली टाकी म्हणूनच कधी कधी निव्वळ भंगार ठरते. टाकीच्या भरणीच्या तोंडात तेलाचा थेंबही घालू नये. दाबलेल्या हवेत तेल पेट घेऊ शकते. आणि टाकीच्या डोक्यावरची झडप घरी पान्याने फिरवायची नाही. मार्करवरून टाकी काढताना टाकीऐवजी झडपच सुटली आणि टाकी उडाली, अशा अपघातांत दोन जण दगावल्यावर अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने 2004 साली जाहीर इशारा दिला होता.

इलेक्ट्रॉनिक मार्कर पहिला म्हणून घ्यावा का? त्यात चाप म्हणजे केवळ एक बटण असते, बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारे. आतले प्रकाशकिरणांचे डोळे गोळी नीट बसली आहे का हे पाहूनच हवा सोडतात, त्यामुळे ती चिरडत नाही. वेग सेकंदाला 10 गोळ्यांच्या पुढे सहज जातो. इथेच वहीत हिशेब मांडायला हवा. पेटीत 2000 गोळ्या असतात आणि मैदानावर तिला साधारण 60 डॉलर पडतात. बरीच मैदाने बाहेरच्या गोळ्या आत आणू देत नाहीत, त्यामुळे घासाघीस चालत नाही. सेकंदाला 10 च्या वेगाने ही पेटी 200 सेकंदांत संपते, म्हणजे 3 मिनिटे 20 सेकंदांत. 200 गोळ्यांचा हॉपर 20 सेकंदांत रिकामा होतो. सलग कोणी झाडत नाही हे खरे, पण हलक्या चापाची सवय लागलेला नवशिका आडोशामागून नुसता पाऊस पाडत राहतो आणि हालचाल शिकतच नाही. त्यात या वेगाला साधा हॉपर पुरत नाही; मोटर लावलेला वेगळा घ्यावा लागतो आणि तो एकटाच काही वेळा मार्करच्या किमतीला टेकतो. पहिल्या वर्षी यांत्रिक मार्करच बरा. पंप ओढून एकेक गोळी सोडायचे मार्करही अजून बनतात, आणि ज्याला गोळ्यांचा खर्च झेपत नाही पण खेळ मनापासून शिकायचा आहे त्याने त्यांचा जरूर विचार करावा. प्रत्येक गोळी मोजून सोडावी लागली की पायांना आपोआप गती येते.

आता मुख्य गोष्ट.

गोळी 3 ग्रॅमची आणि वेग सेकंदाला 280 फूट धरला तर तिची ऊर्जा सुमारे 11 ज्यूल भरते. मांडीवर बसली तर निळा-काळा वळ उठतो आणि आठवड्यात जातो. डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. गोळीचा आकार खोबणीत नेमका शिरेल असा असल्याने हाडाचे संरक्षण अपुरे पडते. नेत्रतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालांत पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसते: गंभीर इजा बहुतांशी देखरेखीच्या मैदानावर झालेल्या नाहीत, त्या परसात, रस्त्यावर, मित्रामित्रांच्या गमतीत, गॉगल नसताना किंवा क्षणभर वर केलेला असताना झाल्या. गॉगल वर का केला जातो? बहुतेकदा काचेवर वाफ धरल्यामुळे. समोरचे दिसेनासे होते, घामाने जीव कासावीस होतो आणि हात आपोआप मास्ककडे जातो.

म्हणून मार्करच्या आधी स्वतःचा गॉगल घ्यावा, आणि तो दुहेरी काचेचा घ्यावा. खिडकीच्या दुहेरी काचेसारखी मध्ये हवेची फट असलेली ही थर्मल लेन्स सहजासहजी वाफ धरत नाही. 60 ते 100 डॉलरमध्ये असा चांगला मास्क मिळतो. गॉगलवर अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेचे पेंटबॉलसाठीचे मानक, एफ1776, पाळल्याची खूण असली पाहिजे. स्कीइंगचा, कारखान्यातला किंवा मोटरसायकलचा गॉगल इथे चालत नाही. सुरुवातीची खेळाडू मंडळी असलेच गॉगल घालून उतरत. पुढे मोटोक्रॉसचे साहित्य बनवणाऱ्या जेटी कंपनीने संपूर्ण चेहरा आणि कान झाकणारे मास्क आणले आणि खेळ सुरक्षित होत गेला. चष्मा लावणाऱ्याने चष्मा आत मावतो का हे दुकानातच घालून पाहावे. काच पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावी, अमोनियाच्या द्रावाने कधीच नाही. ओरखडा आला, तडा दिसला किंवा अगदी जवळून गोळी बसली तर ती बदलावी. मोठ्या दुकानांत मार्कर, हॉपर, गॉगल असा सगळा संच एकाच खोक्यात स्वस्तात मिळतो. त्यातला गॉगल बहुधा एकेरी काचेचा असतो. असा संच घ्यायचाच असेल तर गॉगलची किंमत शून्य धरून हिशेब करावा.

बॅरलवर चढवायची कापडी पिशवी पाच-दहा डॉलरची वस्तू आहे, पण खेळाबाहेर ती नसेल तर मैदानावर उभेही करत नाहीत. पूर्वी नळीत बूच बसवत. गोळी सुटली तर ते बूचच उडून जाई. पिशवी दोरीने मागे बांधलेली असते आणि चुकून सुटलेली गोळी तिच्यातच अडकते.

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी 0.50 इंची हलक्या गोळीचे मार्कर निघाले आहेत. त्यांचा मार सौम्य असतो, काही तर गॅसशिवाय नुसत्या स्प्रिंगवर चालतात. मूल पहिल्याच खेळात दुखून रडले तर पुन्हा मैदानाकडे वळत नाही, त्यामुळे आईवडिलांनी आधी या प्रकाराची चौकशी करावी. गॉगलचा नियम इथेही तसूभर सैल होत नाही.

जुना मार्कर घेणे वाईट नाही. उलट 98 सारखा दणकट मार्कर जुना घेतला तर निम्म्या किमतीत काम होते. पण सुटे भाग आजही मिळतात का, हे आधी पाहावे. नव्वदच्या दशकात ब्रास ईगल या कंपनीचे प्लास्टिकचे स्वस्त मार्कर अमेरिकेच्या मोठ्या दुकानसाखळ्यांतून घरोघरी पोचले होते. 2003 मध्ये ती के2 या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. आज त्यातला एखादा मार्कर माळ्यावर सापडला तर त्याला दोन रुपयांची ओ-रिंग मिळेल, पण मोडलेला भाग मिळेलच असे नाही. आपल्या मैदानावर ज्या कंपनीचे मार्कर जास्त दिसतात तोच घ्यावा. तिथल्या कारागिराच्या ड्रॉवरमध्ये त्याचे भाग असतात आणि तो पाच मिनिटांत गळती काढून देतो. हा निकष कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो, तरी तोच सर्वांत भरवशाचा आहे.

देश बदलला की कायदा बदलतो. जर्मनीत मार्करची ऊर्जा 7.5 ज्यूलच्या आत असावी लागते, त्यावर पंचकोनातला ‘एफ’ हा शिक्का लागतो आणि घेणारा 18 वर्षांचा पाहिजे. विनेंडेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर 2009 मध्ये तिथे पेंटबॉलवर बंदी आणायचाही विचार झाला होता. तो नंतर मागे पडला. अमेरिकेत नियम राज्याराज्यांत आणि गावागावांत वेगळे आहेत. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनी हवेवर चालणाऱ्या शस्त्रांना दोन मर्यादा घातल्या आहेत: ऊर्जा 20 ज्यूल आणि नळीचा व्यास 4.5 मिलिमीटर. यातली एक जरी ओलांडली तरी परवान्याचा प्रश्न येतो. पेंटबॉलची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत बसते. नळीचा व्यास मात्र मर्यादेच्या जवळजवळ चौपट आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत मार्कर मागवण्याआधी किंवा ऑनलाइन पैसे भरण्याआधी आपल्या पोलिस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारणा करावी. विमानतळावर कस्टम अधिकाऱ्यासमोर ‘खेळणे आहे’ हे उत्तर कामाला येत नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला म्हणून सध्या सांगण्यासारखे एवढेच: भाड्याच्या मार्करवर मनसोक्त खेळा, पण भाड्याच्या गॉगलची काच प्रकाशासमोर धरून तपासा, ओरखडे असतील तर दुसरा मागा, आणि दुसरा मिळत नसेल तर त्या मैदानावर खेळू नका. अमेरिकेत राहणाऱ्याने पहिले तीन-चार खेळ भाड्याने खेळावेत, पहिले 80 डॉलर थर्मल काचेच्या मास्कवर घालावेत, मग हवेची टाकी घ्यावी आणि मार्कर शेवटी. हात आखडता असेल तर जुना टिपमन 98, आणि 250 डॉलर मोजता येत असतील आणि मैदानावर हवा भरून मिळत असेल तर ईमेक. दोन्ही मार्कर विकायला काढले तर गिऱ्हाईक मिळते, आणि खेळ सुटला तरी तो मास्क पुढच्या वाढदिवसाला शेजारच्या मुलाला देता येतो. फक्त देण्याआधी त्याची काच नवी घाला.